बेटांवरून गेलेले देव व घरांत राहिलेली दप्तरे

मांडवीच्या पात्रातील दिवाडी व चोडण ही तिसवाडीची दोन बेटे. खाजन शेतीवर जगणारी व पूर्वी होडीवाचून बाहेरच्या जगाशी संबंध नसलेली ही गावे म्हणजे आपल्यांपैकी कित्येक महाजन कुळांचे मूळस्थान होय. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे स्मरण करणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

१५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकली आणि १५४० च्या सुमारास तेथील देवळांचा उच्छेद सुरू झाला. दिवाडीवरील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा कुलदेव. भक्तांनी तो नदीपलीकडे डिचोली महालात नेला. म्हणून आज दोन्ही तीरांवर नार्वे हेच नाव नांदत आहे. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवालयाचा जीर्णोद्धार करविला, याची साक्ष तेथील शिलालेख देतो. चोडणचा श्री देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलास आला. देवकीसह बाळकृष्ण अशी ही मूर्ती विरळाच.

राजसत्तेचा कागद टिकला. गावकऱ्यांच्या चालीरीतींची सनद १५२६ साली लिहिली गेली. १५९५ साली गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला. पाडलेल्या देवळांच्या जमिनीही नोंदल्या गेल्या, कारण महसूल कोणास सोडवतो? डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दप्तरांच्या अभ्यासात आयुष्य वेचले, म्हणून आपणांस पुष्कळ कळले. परंतु मूर्ती कोणी वाहून नेली, कोणते घर कोठे स्थिरावले, कोणती सेवा कोणाकडे आली, हे सरकारी बाडांत सहसा सापडत नाही. ते आपल्या घरांतील मोडी कागदांत, वंशावळींत व वृद्धांच्या मुखी आहे.

माझे आयुष्य कारकुनीत गेले. कागदाचे मोल मी जाणतो. आमच्या नात्यातील एका घरी जुनी पेटी उघडली, तेव्हा निम्मे कागद वाळवीने खाल्ले होते व उरलेले ओलीने एकमेकांस चिकटले होते. एका पानावर चोडणच्या एका शेताचे नाव तेवढे वाचता आले. घरात मोडी जाणणारा कोणी नव्हता. पेटी रिकामी करण्याची घाई मात्र सर्वांस होती.

देवस्थानांचे नियम सरकारने १८८६ साली केले व १९३३ साली सुधारले. त्यांनुसार महाजनांची नोंदवही असते. वहीत नाव असते, नावामागील हकिगत नसते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या कागदांची यादी करावी, वंशावळीत लेकीसुनांचीही नावे घालावीत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी तारीखवार लिहून एक प्रत देवस्थानात ठेवावी. बेटांवर राहिलेल्या ख्रिस्ती बांधवांचे पूर्वजही त्याच गावकरीतले. त्यांच्या घरीही आदराने विचारपूस करावी.

पूर्वजांनी घरदार सोडले, पण देव सोडला नाही. आपणांस तर केवळ कागद सांभाळावयाचे आहेत. तेवढी बुद्धी श्रींनी आपणां सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.