सैनिकी अकादमी प्रवेश : वैद्यकीय मंडळ, अपील आणि सूट

सैनिकी अकादमीच्या प्रवेशातील वैद्यकीय तपासणी म्हणजे लेखी परीक्षा आणि मुलाखत पार केलेल्या उमेदवाराचे शरीर सैनिकी प्रशिक्षणाला व पुढच्या सेवेला योग्य आहे की नाही, याचा अधिकृत निर्णय. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) प्रवेशात या तपासणीचे काय होते, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. तुलनेपुरता अमेरिकेतील पद्धतीचा उल्लेख केला आहे, कारण ‘मेडिकलमध्ये सूट’ ही गोष्ट तेथे खरोखर आहे. भारतात उमेदवाराने मागून मिळेल अशी सूट नाही. आहे ते अपील, आणि अपील म्हणजे दयेचा अर्ज नव्हे, पुन्हा घेतलेले माप. हा फरक वेळीच न कळल्यामुळे अनेक घरांत आशा आणि पैसा दोन्ही चुकीच्या जागी खर्च होतात.

प्रबोधिनीची सुरुवात १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनला ‘जॉइंट सर्व्हिसेस विंग’ म्हणून झाली. खडकवासल्याच्या वास्तूची पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये संस्थेचे औपचारिक उद्घाटन झाले. केंद्रीय लोकसेवा आयोग (यूपीएससी) वर्षातून दोनदा लेखी परीक्षा घेतो. प्रवेशाचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे. लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाची (एसएसबी) पाच दिवसांची मुलाखत होते. शेवटच्या दिवशी मंडळाची अंतिम बैठक (कॉन्फरन्स) संपली की ‘रेकमेंड’ झालेल्यांचे चेस्ट नंबर पुकारले जातात. बाकीचे त्याच संध्याकाळी गाडी पकडतात, निवडलेले मागे थांबतात आणि त्यांची वैद्यकीय तपासणी सुरू होते. गुणवत्ता यादी त्यानंतर लागते. म्हणून शरीराने उत्तीर्ण होणे म्हणजे प्रवेश नव्हे, आणि शरीराने बाद झाल्यावर मुलाखतीतील यशही त्या खेपेपुरते व्यर्थ जाते.

पहिली तपासणी सैनिकी रुग्णालयातील विशेष वैद्यकीय मंडळ (एसएमबी) करते. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांना हवाई दलाच्या बंगळूरु किंवा दिल्ली येथील वैद्यकीय संस्थेत जावे लागते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, डोळे, कान-नाक-घसा, दात, हाडे-सांधे, त्वचा, शस्त्रक्रिया विभाग असे एकेक दार उमेदवार ओलांडतो. मुलींची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञही करतात. यांतील काही मापे बाहेरच्या डॉक्टरालाही नवी वाटतील अशी आहेत. कानांची परीक्षा घेताना उमेदवाराला पाठमोरे उभे करतात आणि ६१० सेंटिमीटरवरून कुजबुजलेले शब्द त्याला प्रत्येक कानाने वेगळे ऐकू यावे लागतात. दातांना गुण असतात. पुढच्या दाताला व उपदाढेला एक, दाढेला दोन, असे पूर्ण तोंडाचे २२ होतात, त्यांपैकी किमान १४ हवेत आणि समोरासमोरचे दात एकमेकांवर टेकणारे हवेत. पाय जुळवून उभे केल्यावर गुडघे लागले आणि घोट्यांत अंतर राहिले, तर मुलांमध्ये ते ५ आणि मुलींमध्ये ८ सेंटिमीटरपेक्षा कमी असावे लागते. सपाट तळव्याबद्दल मात्र गावोगावी जेवढी भीती आहे तेवढा नियम कठोर नाही. चवड्यांवर उभे राहिल्यावर तळव्याची कमान परत दिसत असेल, पाय लवचीक असेल, दुखत नसेल आणि उमेदवार चवड्यांवर नीट धावू शकत असेल, तर तो पात्र धरला जातो. बाद होतो तो ताठर सपाट पाय.

उंची मुलांसाठी किमान १५७ आणि मुलींसाठी १५२ सेंटिमीटर आहे. गुरखा, ईशान्येकडील डोंगरी भाग, गढवाल, कुमाऊं येथील उमेदवारांना काही सेंटिमीटर कमी चालतात. अठरा वर्षांखालील उमेदवाराला पुढे होणाऱ्या वाढीपोटी २ सेंटिमीटर धरून देतात. भारतीय पद्धतीत ‘सूट’ म्हणता येईल असे काही असेल तर ते हेच, आणि तेही नियमात आधीच लिहिलेले असते, कोणाच्या मर्जीवर नसते. गोंदणाचेही तसेच. कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे ते चालते. ज्या आदिवासी समाजांत गोंदणे ही परंपरा आहे, त्यांच्या उमेदवारांसाठी नियम अधिक सैल आहे.

दोष तीन तऱ्हांचे असतात, आणि शंका बहुतेक वेळा या तिन्हींची सरमिसळ झाल्याने उपजते.

पहिली तऱ्हा घरच्या घरी किंवा तालुक्याच्या दवाखान्यात निस्तरण्याजोगी. आयोगाची जाहिरातच उमेदवारांना सांगते, की कानातला मळ, नाकाचा वाकडा पडदा, अंडवृद्धी, कमी-जास्त वजन, छातीचा अपुरा घेर, मूळव्याध, मुलांमधील स्तनवृद्धी, टॉन्सिल, व्हेरिकोसील हे किरकोळ दोष मुलाखतीला येण्यापूर्वी दुरुस्त करून या. शस्त्रक्रिया स्वखर्चाने करायची असते आणि ती केली म्हणून निवडीची हमी नसते. कानात मळ घेऊन गेलेला मुलगा नाकारला गेल्याची हकिकत सांगोवांगी ऐकू येते तेव्हा लोक हसतात, पण त्या घरात त्या दिवशी कोणी हसलेले नसते.

दुसरी तऱ्हा वेळ मागणारी. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर २४ आठवडे जावे लागतात. अपिलाची मुदत ४२ दिवसांची. म्हणजे निवड झाल्यावर ऑपरेशन करून अपिलाला उभे राहणे हे गणितातच बसत नाही. डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेचा हिशोब याहून कठोर आहे. हवाई दलाच्या निकषांनुसार ती वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी झालेली चालत नाही, आणि एनडीएचा उमेदवार तर विशीच्या आतलाच. तेव्हा चष्मा घालवून एनडीएला जा असे सांगणाऱ्याचा सल्ला मुलाला पदवीनंतरच्या प्रवेशालाही अडचणीत आणू शकतो. घाईने केलेली लेसर शस्त्रक्रिया ही या सगळ्या प्रवासातील सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल.

तिसरी तऱ्हा औषधाच्या पलीकडची. हाडांची लांबी बदलत नाही. वैमानिकासाठी पायाची लांबी ९९ ते १२०, बसून मोजलेली उंची ८१.५ ते ९६ आणि मांडी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर लागते, कारण विमानातील आसन, पॅडल आणि संकटकाळी आसनासकट बाहेर फेकले जाण्याची जागा ठरलेली असते. रंगांधत्वही असेच. ते जन्मजात असते, बहुधा आईकडून मिळालेल्या गुणसूत्रातून मुलात उतरते आणि त्यावर उपचार नाही. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पानांवर आकडा दिसला नाही, तेव्हा सतराव्या वर्षी पहिल्यांदा ही गोष्ट कळणारी मुले आहेत. तोवर तीन वर्षांचा क्लास झालेला असतो. नेत्रतज्ज्ञाकडची दहा मिनिटांची तपासणी हे दुःख निदान वेळेवर तरी देते. रंगदृष्टीचे निकष दल आणि शाखा यांनुसार वेगळे असल्याने एका दाराने बाद झालेला उमेदवार दुसऱ्या दाराने आत जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. पसंतीक्रम भरताना केवळ गणवेशाचा रंग पाहू नये, स्वतःचे डोळे आणि पाय मोजून घ्यावेत.

मंडळाचे कामकाज गोपनीय असते, परंतु अपात्र ठरलेल्या उमेदवाराला मंडळाचे अध्यक्ष तसे सांगतात आणि अपिलाची रीतही समजावतात. उमेदवारांच्या बोलीत तात्पुरता बाद म्हणजे ‘टीआर’ आणि कायमचा बाद म्हणजे ‘पीआर’. ‘पीआर’ ऐकले की सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला सारे संपले असे वाटते. ते खरे नाही. अपील वैद्यकीय मंडळ (एएमबी) पहिल्या तपासणीपासून ४२ दिवसांत पूर्ण व्हावे लागते आणि तेथे त्या दोषाच्या विषयातील तज्ज्ञ पुन्हा पाहतात. महाराष्ट्रातील कुटुंबांच्या ओळखीची अशी रुग्णालये म्हणजे पुण्याचे कमांड हॉस्पिटल आणि कुलाब्याचे नौदलाचे अश्विनी. नाकारल्याचे कारण शब्दशः लिहून घेणे हे त्या दिवशीचे पहिले काम. ‘डोळ्यात काहीतरी म्हणाले’ एवढ्या माहितीवर घरी परतलेल्या मुलाचे निम्मे दिवस नुसते कारण शोधण्यात जातात.

मधल्या काळात त्या विषयाच्या तज्ज्ञाकडून, शक्यतो सरकारी रुग्णालयात, तपासून घ्यावे. बाहेरचा ‘फिट’ असा दाखला सैनिकी मंडळावर बंधनकारक नसतो आणि न्यायालयेही अशा दाखल्यापेक्षा सैनिकी डॉक्टरांच्या मताला सहसा अधिक वजन देतात. तरीही त्या तपासणीचा उपयोग आहे. दोष खरा की मापातली तफावत, हे तिने कळते. वजन, रक्तदाब, मळ, त्वचेचा संसर्ग यांबाबत अपील करणे सयुक्तिक. तीन तज्ज्ञांनी मोजलेला हाडाचा तोच कोन चौथ्याने वेगळा मोजावा या आशेवर कर्ज काढून प्रवास करणे सयुक्तिक नाही. अपिलातही अपात्र ठरल्यास एका दिवसाच्या आत पुनर्विलोकन वैद्यकीय मंडळाची (आरएमबी) मागणी करता येते. ती मान्य करणे न करणे सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांच्या विवेकावर असते. तो उमेदवाराचा हक्क नाही, आणि ही शेवटची पायरी आहे.

पूर्वीचा आजार लपवावा का, ही शंका उघडपणे कोणी विचारत नाही, मनात मात्र पुष्कळांच्या असते. लहानपणीचे झटके, दमा, जुने ऑपरेशन यांची कबुली दिली तर बाद होऊ, असा हिशोब केला जातो. लपवू नये. शस्त्रक्रियेचा व्रण बोलतो, एक्स-रे बोलतो, आणि प्रशिक्षणात तो आजार उफाळला तर नुकसान एका मुलाखतीपुरते राहत नाही. प्रशिक्षणात अपंगत्व आल्यामुळे घरी पाठवलेल्या कॅडेटना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. त्यांच्या हालअपेष्टांची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. ते सारे निरोगी शरीराने आत गेलेले तरुण होते. आत जाण्याआधीच दुखणे असलेल्याने ते झाकून त्या कवायतीत उतरणे किती धोक्याचे, हे यावरून समजावे.

अमेरिकेत रीत वेगळी आहे. तेथे संरक्षण खात्याचे कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील वैद्यकीय परीक्षा मंडळ (डॉडमर्ब) उमेदवार निकषांत बसतो की नाही एवढेच ठरवते. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचा इतिहास असेल तर तो निकषांबाहेर जातो. पण त्यानंतर वेस्ट पॉइंटची लष्करी, अॅनापोलिसची नौदलाची किंवा हवाई दलाची अकादमी आपापल्या अधिकारात ‘वेव्हर’, म्हणजे सूट, देऊ शकते. उमेदवाराने तसा अर्ज करायचा नसतो, अकादमीला तो हवासा वाटला तर ती स्वतः विचार करते. त्यामुळे एकाच मुलाला एक अकादमी नाकारते आणि दुसरी घेते, असे घडते. या पद्धतीत लवचीकता आहे, अनिश्चितताही आहे. भारतीय पद्धत ताठ आहे, पण तिचे निकष आधीच छापलेले असतात, आणि साताऱ्याच्या सैनिकी शाळेतल्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सेवापूर्व प्रशिक्षण संस्थेतल्या मुलाइतकेच ते चांद्याच्या खेड्यातल्या मुलालाही लागू असतात. साध्या घरातल्या उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर ही भारतीय रीत अधिक न्यायाची आहे. अट एकच, ते निकष त्याच्यापर्यंत पोचले पाहिजेत.

मुलींसाठी प्रबोधिनीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील अंतरिम आदेशाने उघडले. त्यांची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. मुलींच्या शारीरिक निकषांबद्दल महाराष्ट्रातील पालकांना अजून फारच थोडे ठाऊक आहे.

सर्व निकष आयोगाच्या जाहिरातीच्या परिशिष्टात, वर्षातून दोनदा, इंग्रजी व हिंदीत प्रसिद्ध होतात. ते वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू वर्षाचीच जाहिरात पाहावी. ज्या शाळेतून एक जरी मुलगा किंवा मुलगी खडकवासल्याचे स्वप्न पाहत असेल, त्या शाळेच्या शिक्षकांनी हे परिशिष्ट मराठीत उतरवून नववीच्या वर्गात लावावे, आणि मुलांचे डोळे, दात, पाय त्याच वर्षी तपासून घ्यावेत.