पुढची कॅसेट कधी येणार?

मागच्या रमजान ईदला माझा एक जुना विद्यार्थी शीरखुर्म्याला घरी आला होता. सध्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दहावीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकला, आता कानात इअरफोन घालून इंग्रजी रॉक ऐकतो. गप्पा मारता मारता त्याने ‘लिंकिन पार्क’ या अमेरिकन बँडचा विषय काढला. २००० साली त्यांचा पहिला अल्बम आला. २०१७ मध्ये मुख्य गायक चेस्टर बेनिंग्टन गेला. चाहत्यांना वाटलं, संपलं. मग सात वर्षांनी, २०२४ मध्ये, एमिली आर्मस्ट्राँग नावाच्या गायिकेला घेऊन त्यांनी ‘फ्रॉम झीरो’ हा नवा अल्बम काढला. आता पोरं त्याच्या पुढच्या अल्बमची वाट बघतायत आणि आपसांत भांडतायतही.

“सर, अर्धे म्हणतात हा तोच बँड आहे, अर्धे म्हणतात नाव तेवढं तेच राहिलंय. तुम्हाला काय वाटतं?”

मला त्या संगीतातलं फारसं कळत नाही. पण हे भांडण मात्र माझ्या ओळखीचं निघालं. आमच्या घरात ते कव्वालीवरून झालेलं आहे.

माझे अब्बा टेलर होते. अंबाजोगाईच्या बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. दोन शिलाई मशिनी, कापडाचे तागे आणि फळीवर एक टेपरेकॉर्डर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो टेप दिवसभर चालायचा. अझीज नाझाँ हे अब्बांचं दैवतच म्हणायचं, अर्थात हा शब्द त्यांना चालला नसता. दर महिन्याला ते कॅसेटच्या दुकानासमोर सायकल थांबवून विचारायचे, “क्यों भाई, अझीज नाझाँ की नई आई क्या?” दुकानदार आतूनच ओरडायचा, “आई तो बोलता ना चाचा.” आणि नवी आली की अब्बा ती एकदा पूर्ण ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “अच्छी है, मगर इस में वो बात नहीं.” संध्याकाळी पुन्हा जुनीच लागायची.

‘वो बात’ म्हणजे काय, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

कव्वालीच्या संघाला आपल्याकडे ‘पार्टी’ म्हणतात. मुख्य कव्वाल, हार्मोनियम, ढोलक किंवा तबला, बेंजो, आणि मागे बसून टाळ्या वाजवत ओळ उचलणारे हमनवा. नाव पोस्टरवर एकाचंच असतं, पण गाणं सगळ्यांचं असतं. पुढचा गायक श्वास घेतो तेव्हा मैफल मागच्यांच्या गळ्यावर उभी असते. म्हणजे बँडच की! या पार्ट्या मुंबईतून निघून उरुसाला, जत्रेला, लग्नाला, जयंतीला महाराष्ट्रभर फिरत. युसूफ आझाद आणि रशीदा खातून यांच्या मुकाबल्यांना लोक रात्र रात्र बसत. दोन्ही बाजूंचे चाहते आपापल्या पार्टीसाठी भांडायचे.

या मुंबईच्या कव्वालीला घराघरांत नेलं ते इस्माईल आझाद यांनी. १९५८ सालच्या ‘अल हिलाल’ या चित्रपटात त्यांची ‘हमें तो लूट लिया’ ही कव्वाली आली. शेवन रिझवी यांचे शब्द, बुलो सी. रानी यांचं संगीत. त्या एका कव्वालीने इस्माईल आझाद यांचं नाव देशभर केलं आणि त्यांना जखडूनही टाकलं. पुढे कुठेही गेले तरी लोकांची फर्माईश तीच. चाहत्यांना नवीन हवं असतं, पण ते नवीन जुन्यासारखंच असावं, अशी त्यांची अट असते. कलावंत या अटीत अडकतो. माझ्या विद्यार्थ्याचे मित्र आणि माझे अब्बा, दोघांचीही तक्रार इथूनच सुरू होते.

यात तंत्राचाही भाग होता. ७८ गतीच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. कव्वाली हा सावकाश चढत जाणारा प्रकार. एकेक मिसरा दहा वेळा फिरवायचा, मध्ये शेर टाकायचे, पुन्हा मुखड्यावर यायचं. हे साडेतीन मिनिटांत कसं बसवणार? आमच्या अंबाजोगाईच्या माणसाला हे पटकन समजेल. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहायला कागद नव्हे तर कापड घेतलं, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. ती पासोडी आजही गावात आहे. काही गोष्टींना लांबी लागतेच. कव्वालीला ती आधी एलपीने दिली, म्हणजे एका बाजूला वीसेक मिनिटं, आणि मग कॅसेटने, एका बाजूला अर्धा तास. शिवाय ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली की माझ्या अब्बांसारख्या टेलरलाही ती परवडू लागली. ‘पुढची कधी येणार’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क गरीब माणसाला कॅसेटने दिला.

अझीज नाझाँ हे याच काळातलं सर्वांत मोठं नाव. मुंबईच्या मलबारी कुटुंबात १९३८ साली जन्म. सुरुवात इस्माईल आझाद यांच्याच पार्टीत, मागच्या रांगेत. १९७४ च्या ‘फाइव्ह रायफल्स’ चित्रपटातल्या ‘झूम बराबर झूम शराबी’ने ते पुढच्या रांगेत आले. आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना ती कव्वाली मुळीच पसंत नव्हती. दारूचं गाणं आणि तेही कव्वालीत! पण याच माणसाने ‘चढता सूरज’ही गायली. सत्ता, संपत्ती, जवानी सगळं मावळणार, हे सांगणारी. ती लागली की तेच बुजुर्ग दुकानाच्या पायरीवर येऊन बसत.

या दोन कव्वाल्या कुणी लिहिल्या? पहिली नाझाँ शोलापुरी यांनी, दुसरी कैसर रत्नागिरवी यांनी. एक सोलापूरचे, एक रत्नागिरीचे. शायर आपल्या गावाचं नाव तखल्लुसला जोडतो, तेव्हा तो आपला पत्ताच देत असतो. ‘उर्दू इथली नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी वर्गात ही दोन नावं सांगतो. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना नाट्यसंगीत येतं, भावगीत येतं, लावणी येते. मुंबईची कव्वाली मात्र कुणीतरी पाहुणा असल्यासारखी बाहेरच्या ओट्यावर बसलेली असते. तिला आत बोलावण्याची जबाबदारी आपलीही आहे. आपण तरी तिच्याबद्दल मराठीत किती लिहिलं?

८ ऑक्टोबर १९९२ रोजी अझीज नाझाँ गेले. ही बातमी अब्बांपर्यंत लगेच पोहोचली नाही. ते बरेच महिने दुकानदाराला विचारतच राहिले, ‘नई आई क्या?’ आणि गंमत म्हणजे नवी येतही होती. नवं कव्हर, आत जुनीच गाणी. अखेर मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकाने सांगितलं तेव्हा अब्बांनी मशीन थांबवली, इन्नालिल्लाह म्हटलं आणि थोड्या वेळाने म्हणाले, “मतलब अब नहीं आनेवाली.”

मला पुढे बरीच वर्षं हेच खरं वाटत होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, हे इतिहास वाचताना कळलं. इस्माईल आझाद यांच्या मागे कोरसमध्ये बसणारे एकटे अझीज नाझाँ नव्हते. प्रल्हाद शिंदे हेही त्याच पार्टीत कोरस गायचे. तेच प्रल्हाद शिंदे, ज्यांच्या विठ्ठलगीतांशिवाय आषाढी जात नाही आणि ज्यांच्या भीमगीतांशिवाय १४ एप्रिल उजाडत नाही. त्यांच्या गाण्यातला तो उंच लागलेला पहिला सूर आणि ओळ फेकून मागच्यांना उचलायला देणं लक्ष देऊन ऐका, कव्वाली सापडेल. पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे या मुलांनी कॅसेटचा जमाना गाजवला आणि आता नातू आदर्श गातो. म्हणजे इस्माईल आझाद यांची ‘पुढची रेकॉर्ड’ आली होती. ती मराठीत आली, म्हणून आम्ही ओळखली नाही.

अझीज नाझाँ यांचंही तसंच. २०१७ मध्ये ‘इंदू सरकार’ या चित्रपटात ‘चढता सूरज’ पुन्हा आली, त्यांचा मुलगा मुज्तबा अझीज नाझा याच्या आवाजात. मी मोबाइलवर अब्बांना ऐकवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, “अच्छी है, मगर इस में वो बात नहीं.” मग म्हणाले, “फिर से लगा.”

प्रत्येक प्रतीक्षेचा शेवट असा होत नाही, हेही सांगायला हवं. शकीला बानो भोपाली यांनी पुरुषांच्या या मैदानात स्वतःची पार्टी उभी केली होती. १९८४ च्या भोपाळ वायुकांडाने त्यांचा आवाज हिरावला. २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या चाहत्यांची प्रतीक्षा एका कारखान्याच्या गळतीने संपवली. आणि मुंबईच्याच ‘इंडस क्रीड’ या रॉक बँडच्या चाहत्यांनी १९९५ च्या अल्बमनंतर पुढच्यासाठी १७ वर्षं काढली. १९९७ मध्ये बँड फुटला, पुन्हा जमला, काही वादक बदलले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. तोच बँड होता का? ऐकणाऱ्यांनी आपापलं ठरवलं असेल.

विद्यार्थ्याला मी हे सगळं एवढ्या विस्ताराने सांगितलं नाही. इतकंच म्हणालो, “बाबा, पोस्टरवरचं नाव बघून पुढचा अल्बम शोधू नकोस. मागच्या रांगेत कोण बसलंय ते बघ. कव्वालीत तरी पुढचं गाणं तिथूनच निघालं.”

तो म्हणाला, “मग सर, मागच्या रांगेतल्यांची नावं कुठे मिळतात?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅसेटच्या कव्हरवर बहुतेक वेळा ‘और साथी’ एवढंच छापलेलं असे. ते साथी कोण, कुठल्या गावचे, किती जण पुढे काय गायले, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरी कव्वालीच्या जुन्या कॅसेट, उरुसाची पोस्टरं, मुकाबल्याची तिकिटं असतील तर फेकू नका. घरातल्या थोरांना विचारा, ढोलकवर कोण होतं, बेंजो कोण वाजवायचं. नावं लिहून घ्या. उर्दूत, मराठीत, जशी येतील तशी.

त्या दिवशी आम्ही दोघांनी कपाटावरची पेटी खाली काढली. चव्वेचाळीस कॅसेट निघाल्या. सात-आठांच्या फिती चिकटल्या आहेत. बाकीच्या तो पुण्याला घेऊन गेला आहे, कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला. अब्बा आता रोज विचारतात, “उस लडके का फोन आया क्या?”