मुक्या पिस्तुलाची गोष्ट

श्रोतेहो, विहिरीवरच्या इंजिनाचा सायलेन्सर काढला, तर सारे शिवार कसे दणाणते ते आपण जाणताच. बंदुकीचा सायलेन्सर हा त्याच डब्याचा भाऊ. अमेरिकेतील हायरम पर्सी मॅक्सिम याच्या कंपनीने दोन्ही बनवले. त्याचे वडील मशीनगनचे जनक. मुलाने मात्र बंदुकीचा आवाज दाबण्याचे पेटंट १९०९ साली मिळवले.

त्याची युक्ती साधी होती. गोळीच्या मागे कोंडलेला तप्त वायू नळीच्या तोंडाशी एकदम सुटतो, म्हणून बार होतो. मॅक्सिमने तोंडावर आत पडदे असलेला डबा बसवला. वायू त्यात घोळू लागला, निवू लागला आणि सावकाश बाहेर पडू लागला. हवा तेव्हा डबा लावावा, नको तेव्हा काढावा.

आता आपण म्हणाल, मग आवाज गेलाच की! तसे नाही. आवाजाचे धनी तीन. पहिला हा वायू. दुसरी खुद्द गोळी. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर; गोळी त्याहून वेगाने धावली, तर वाटभर आसूड कडाडल्यासारखा आवाज होतो. तिसरा, पिस्तुलाच्या यंत्राची खडखड. तोंडावरचा डबा आवरतो तो फक्त पहिल्याला.

ही उणीव दुसऱ्या महायुद्धात बोचू लागली. जर्मनव्याप्त युरोपात गुप्त कारवाया करण्यासाठी ब्रिटनने १९४० साली एक वेगळे खाते काढले. लंडनच्या उत्तरेस वेल्विन गावाजवळच्या त्याच्या प्रयोगशाळेत मेजर ह्यू रीव्ह्ज यांनी ‘वेलरॉड’ घडवले. यात डबा मागाहून लावायचा नव्हता. पिस्तूलच डब्याच्या पोटात बसवले होते. नळीला भोके असल्यामुळे वायू आधीच निसटे आणि गोळीचा वेग ध्वनीच्या खाली येई. प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने फिरवायचा, त्यामुळे खडखडही नाही. मूठ काढली, तर हे शस्त्र सायकलच्या पंपासारखे दिसे. त्यावर कारखान्याचे नावसुद्धा कोरलेले नव्हते.

पण फुकट काही मिळत नाही. आतल्या रबरी चकत्या थोड्याच फैरींत झिजत. दुसरी गोळी झाडायला वेळ लागे. लांबचा नेम साधणे कठीण. उलट, व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाने जोडसायलेन्सरचे पिस्तूल वापरले. त्यात मंदगती काडतुसे वेगळी लागत, आणि यंत्र न हलावे म्हणून अडसर बसवला होता. म्हणजे जोडणीच्या पद्धतीत तिन्ही धन्यांचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागला. पण डबा काढला की ते पुन्हा साधे पिस्तूल.

१९६० च्या मे महिन्यात रशियाने अमेरिकेचे यू-२ हेरविमान पाडले. वैमानिक पॉवर्सच्या सामानात नळीभोवतीच सायलेन्सर असलेले पिस्तूल निघाले. ते शिकारीसाठी दिले होते, असे त्याने खटल्यात सांगितले. पण ते मॉस्कोत मांडले गेले तेव्हा पाहणाऱ्यांना पटावे कसे? जोडलेला डबा काढून ठेवता येतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून लावला होता, असेही म्हणता येते. अंगातच मुरवलेला सायलेन्सर कुठे काढून ठेवणार? हत्याराच्या घडणीत त्याचा हेतू उतरतो, तो असा. आवाज होऊ नये म्हणून घडवलेले ते पिस्तूल अखेर मालकाविरुद्धच बोलले.