धरणाने उठवलेले रंगमंडल

गोव्यात नाटक पाहायला नाट्यगृहच हवे, असे पूर्वी कुणाला वाटत नसे. देवळापुढचे प्रांगण आणि वर आभाळ, एवढ्यावर जत्रेतला काला रंगायचा. म्हणूनच ‘खुली रंगमंडले ग्रीकांची, आपल्याकडे नव्हतीच’ असे कुणी म्हटले की मला नागार्जुनकोंडा आठवतो.

कृष्णेच्या खोऱ्यातली विजयपुरी ही इक्ष्वाकू राजांची राजधानी. काळ इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाचा, म्हणजे सातवाहनांची सत्ता मावळल्यानंतरचा. हे घराणे आपल्याला अगदीच परके नव्हे. वीरपुरुषदत्त राजाची कन्या कोदबलिसिरी वनवासाच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या बनवासीच्या, राजाला दिली होती, असे तिथला शिलालेख सांगतो.

या नगरीत उत्खननात एक आयताकृती आखाडा सापडला. त्याच्या चारही बाजूंना चढत गेलेल्या पायऱ्या आहेत. ग्रीक रंगमंडल बहुधा डोंगरउतारावर अर्धवर्तुळात असते आणि प्रेक्षक एकाच बाजूला बसतात. इथे खेळ मध्ये आणि लोक सभोवती.

मग इथे नाटके होत की कुस्त्या? अभ्यासकांत मतभेद आहेत. भरताचे नाट्यशास्त्र तर नाट्यगृह पर्वतातल्या गुहेसारखे, वारा न शिरणारे असावे म्हणजे आवाज गंभीर उमटतो, असे सांगते. मध्यम नाट्यगृहाचे माप ते 64 हात बाय 32 हात देते. त्याहून मोठ्या जागेत शब्द विरून जातात. या कसोटीला आपला आखाडा उतरत नाही. पण आपला दशावतार तरी कुठे उतरतो? शास्त्राबाहेरही रंगभूमी असतेच.

10 डिसेंबर 1955 रोजी नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली 1954 ते 1960 या काळात पाण्याशी शर्यत लावून खोदकाम झाले. विजयपुरी बुडाली. काही वास्तू उचलून दुसरीकडे उभारल्या गेल्या. हे रंगमंडल जलाशयाच्या काठी अनुपूला आले.

अनुपूला मी मध्यभागी उभा राहून टाळी वाजवली. आवाज वरच्या पायरीपर्यंत स्वच्छ पोचला. इक्ष्वाकूंच्या कारागिरांची वाहवा करणार, तोच मनात आले, हा आवाज त्यांचा कसा? पायऱ्या आल्या, पण मूळ जागेचा उतार, तिथला वारा, समोरची नगरी पाण्याखालीच राहिली.

आणि मला कुर्डी आठवले. साळावली धरणात गाव गेले. कदंबकालीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने उतरवून दुसरीकडे पुन्हा उभारले. देऊळ वाचले, यात शंका नाही. पण मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीचे लोक जातात ते मोगूबाई कुर्डीकरांच्या त्या जुन्या गावाच्या उघड्या माळावर. तिथे गाव उरले नाही, तरी उत्सव होतो.

दगड हलवता येतात. माणसे जिथे जमत होती ती जागा मात्र हलवता येत नाही, एवढे मला अनुपूच्या त्या टाळीने शिकवले.