अराशियामाचा लाल रंग: नदीकाठची पानगळ आणि छायाचित्रण

जपानमधील क्योतो शहराच्या पश्चिम टोकाला, ओई नदीच्या दोन्ही काठांवर अराशियामा वसले आहे. हीच नदी वरच्या अंगाला होझू आणि खालच्या अंगाला कात्सुरा या नावाने ओळखली जाते. नोव्हेंबरात रात्री गारठू लागल्या की इथल्या मेपलच्या पानांतील हरितद्रव्य ओसरते, अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होते आणि महिनाअखेरीस डोंगरउतार लाल-केशरी होतात. या देखाव्याच्या छायाचित्रणाला दोन गोष्टींनी आकार दिला: काठापर्यंत पोहोचण्याची सोय आणि लाल रंग टिपण्याचे तंत्र.

आरंभी हा काठ दरबारी मंडळींचा होता. हेइआन काळातील (७९४–११८५) उमराव येथे नावांतून विहार करत आणि काव्य रचत. तेराव्या शतकात सम्राट कामेयामा यांनी इथल्या पुलाला तोगेत्सुक्यो, म्हणजे ‘चंद्र ओलांडतो तो पूल’, हे नाव दिले असे परंपरा सांगते. १६०६ मध्ये सुमिनोकुरा र्‍योई या व्यापाऱ्याने होझूच्या घळीतील खडक फोडून नदी मालवाहू नावांसाठी मोकळी केली. पुढे याच मार्गाने पर्यटकांच्या नावा जाऊ लागल्या.

सर्वसामान्यांना हा काठ जवळ आला तो रेल्वेमुळे. १८९७ मध्ये आगगाडी सागा स्थानकापर्यंत आली. १९१० मध्ये क्योतो शहरातून थेट अराशियामापर्यंत विजेवरची ट्राम सुरू झाली आणि १९२८ मध्ये नदीच्या दक्षिण बाजूला आणखी एक रेल्वेमार्ग पोहोचला. ट्रामचे स्थानक पुलापासून चालत काही मिनिटांवर आहे. नदीतील नाकानोशिमा बेट आणि उत्तर काठावरची कामेयामा टेकडी हे आज सार्वजनिक उद्यानाचे भाग आहेत. बेटाच्या सपाट काठावरून पूल, पाणी आणि मागचा डोंगर एकाच चौकटीत येतात. टेकडीवरून खालची घळ दिसते. छायाचित्रासाठी डोंगर चढण्याची गरज उरली नाही.

तंत्राची वाटचाल मात्र संथ होती. एकोणिसाव्या शतकातील ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. लाल रंग त्यांच्यावर जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे डोळ्यांना पेटल्यासारखी दिसणारी मेपलची फांदी छायाचित्रात काळपट येई. योकोहामाच्या स्टुडिओंनी यावर कुंचल्याचा उपाय योजला. कारागीर अल्ब्युमेन कागदावरच्या छापावर पाण्यात कालवलेले रंग हलक्या हाताने चढवत. परदेशी प्रवाशांनी अल्बममधून घरी नेलेला जपानी पानगळीचा लाल रंग कॅमेऱ्याचा नव्हे, रंगाऱ्याच्या हातचा होता.

१८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विशिष्ट रंजके मिसळून काचेची हिरव्या-पिवळ्या प्रकाशाबाबतची संवेदनशीलता वाढवता येते, हे दाखवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल प्रकाशही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम ही काच विक्रीला आणली. तिच्यावर बटाट्याच्या पिष्टाचे केशरी-लाल, हिरवे आणि निळे-जांभळे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. भर उन्हातही तिला साधारण सेकंदभर उजेड द्यावा लागे. वारा आला की पाने धूसर होत, म्हणून निवांत सकाळ गाठणे भाग असे. १९३६ मध्ये ३५ मिलिमीटरच्या स्थिरचित्रांसाठी कोडाक्रोम आले, प्रकाश देण्याचा वेळ घटला आणि हलती फांदीही खऱ्या रंगात टिपता येऊ लागली.

याच काळात देखाव्याच्या जपणुकीचे कामही उभे राहिले. १९२७ मध्ये अराशियामाला ऐतिहासिक व निसर्गरम्य स्थळ म्हणून संरक्षण मिळाले. आजचा पूल १९३४ चा असून त्याचे खांब काँक्रीटचे आहेत; जुना बाज राहावा म्हणून कठडे लाकडी ठेवले आहेत. पलीकडच्या उतारावरच्या सरकारी वनात वृक्षतोड थांबल्यावर दाट सावलीत चेरी आणि मेपल मागे पडू लागले. १९३० च्या दशकापासून तेथे मोकळ्या जागा राखून ही झाडे लावण्याचे धोरण आखले गेले. छायाचित्रात रानटी वाटणारा तो उतार अशा प्रकारे पिढ्यान्‌पिढ्या राखलेला आहे.