हाय व्हानच्या पलीकडे, 1937

फेब्रुवारी 1937. तेत, म्हणजे व्हिएतनामी नवं वर्ष, नुकतंच पार पडलंय आणि ह्वे स्टेशनात परतीच्या माणसांची झुंबड उडालीय. पाऊस म्हणावा असा नाही, पण पहाटेपासूनची भुरभुर तुमच्या सदऱ्यात मुरलीय. नदीपलीकडे तटबंदीआड सम्राट बाओ दाई यांचा राजवाडा आहे आणि अलीकडच्या काठावर फ्रेंचांच्या कचेऱ्या. खरे हुकूम कुठल्या काठावरून सुटतात, हे फलाटावरच्या हमालालाही ठाऊक आहे.

तिकीट तुरानचं काढा. तुमच्या काळातलं दा नांग ते हेच. अंतर शंभरेक किलोमीटर. हनोईपासून सायगावपर्यंतचे रूळ गेल्याच वर्षी, 1936 मध्ये, सलग जोडले गेले. हा तुकडा मात्र 1906 पासून चालू आहे.

साहेबांच्या डब्यात बसू नका. शेवटच्या वर्गात लाकडी बाकावर जागा धरा. पायाशी बांबूच्या डालग्यात कोंबड्या, वर ओल्या टोप्यांची चळत. समोरच्या आजीबाईंचे दात काळेभोर आहेत, मुद्दाम रंगवलेले. तिच्या पिढीत पांढरे दात कुणी चांगले मानत नाही. पानाचा विडा गालात सरकवून ती केळीच्या पानाची एक चपटी पुडी तुमच्या हातावर ठेवते. दोरा सोडा. आत तांदळाच्या पिठाचा पातळ, ओलसर थर, त्यावर कोळंबीचा नारिंगी भुगा. पानाच्या शिरा पिठावर उमटलेल्या. आपल्या पानगीची ही खारी, वाफवलेली बहीणच. खाऊन झालं की हात जोडा, आजीला कळेल.

भातखाचरं मागे पडतात, मग खाडीचं संथ पाणी, मग लांग कोची वाळू. आणि एकदम समोर डोंगर! पश्चिमेकडून आलेली रांग इथे थेट समुद्रात उतरते. सडक वळणं घेत खिंडीवर चढते. माथ्यावर सम्राट मिन्ह मांग यांनी 1826 मध्ये बांधलेला दरवाजा आज ढगात बुडालाय. रूळ मात्र माथा टाळून, कड्याच्या पोटातून, समुद्राच्या अंगाने जातात. बोगदा आला की खिडकी ओढून घ्या, नाहीतर काजळी डोळ्यांत जाईल.

हा डोंगर म्हणजे हाय व्हान. इकडे यावंसं वाटतं ते याच्याचसाठी. शतकानुशतकं या किनाऱ्यावर दोन जगं होती: उत्तरेत चिनी वळणाचं दाई व्हिएत, दक्षिणेला चंपाचं राज्य, जिथले राजे संस्कृत नावं धारण करत, संस्कृतात शिलालेख कोरत आणि शिवाची देवळं बांधत. 1306 मध्ये चंपाच्या जयसिंहवर्म्याने दाई व्हिएतच्या राजकन्येशी, हुयेन त्रानशी, लग्न केलं आणि त्याबदल्यात डोंगराच्या उत्तरेचा मुलूख देऊन टाकला. तुम्ही सकाळपासून पार केलीत ती जमीन या लग्नाच्या बोलीतली. वर्षभरात राजा वारला. राणीला सती जावं लागेल या भीतीने माहेरच्यांनी माणसं पाठवून तिला परत नेलं, असं व्हिएतनामी बखरी सांगतात. मुलूख काही परत गेला नाही. मला त्या मुलीचा विचार सोडवत नाही. तीही कधीतरी याच डोंगराला वळसा घालून गेली असेल, समुद्रातून.

शेवटचा बोगदा संपतो आणि ऊन! हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी थंड, दमट हवा डोंगर अडवून धरतो, म्हणून तिकडे भुरभुर आणि इकडे निळं आकाश. डब्यातली माणसं बाह्या दुमडू लागतात. नाम ओ जवळ आलं, हे नाकाला आधी कळतं; गावात मासळी मिठात घालून रांजणात आंबवतात. किनाऱ्यावर कोळी जाळी वाळवतायत. 8 मार्च 1965 रोजी याच उपसागराच्या वाळूवर अमेरिकेचे मरीन सैनिक उतरतील. डब्यात हे फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही.

तुरानला उतरलात की सामान मुक्कामी टाका आणि थेट हान नदीकाठचं संग्रहालय गाठा. 1919 मध्ये उघडलेली ही इमारत चंपाच्या शिल्पांसाठीच बांधलीय. गेल्या वर्षी तिला आंरी पारमांतिए यांचं नाव दिलं गेलं. या माणसाने चंपाची पडकी देवळं मोजली, त्यांची बारकाईने चित्रं काढली. त्रा किएउहून आणलेल्या चौथऱ्यापाशी थांबा. दहाव्या शतकातली नर्तकी: गुडघे वाकलेले, कंबर एका अंगाला झुकलेली, वस्त्र म्हणजे जणू मण्यांच्या सरीच. वालुकाश्म इतका मऊ दिसतो की बोट लावावंसं वाटतं.

पण रात्री उशिरापर्यंत जागू नका. पहाटेच नैर्ऋत्येला, ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी, चंपाच्या देवळांकडे निघायचंय. चौथ्या शतकात भद्रवर्मा राजाने तिथे भद्रेश्वराची स्थापना केली. दुरुस्तीचं काम याच वर्षी हाती घेतलं जातंय. तिथलं सर्वांत देखणं विटांचं देऊळ, पारमांतिए यांच्या यादीतलं ए 1, अजून उभं आहे. ऑगस्ट 1969 मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत ते कोसळेल आणि तुमच्या काळात तिथे विटांचा ढीगच उरलेला असेल. म्हणून मोटारवाल्याशी आजच ठरवून ठेवा, आणि तिथे पोचलात की आधी ए 1 कडे जा.