बोरीची ज्वालामुखी राख : कालनिश्चिती

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळतो. भोवतालच्या बेसाल्टशी त्याचे नाते नाही. तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे, तर राख आली सुमात्रातील टोबा ज्वालामुखीतून, सुमारे तीन हजार किलोमीटरवरून. टोबाचे मोठे उद्रेक मात्र एकाहून अधिक झाले. त्यांपैकी एक सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा, तर सर्वांत अलीकडचा ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख यांपैकी कोणत्या उद्रेकाची, हा खरा वाद आहे. राखेशी निगडित थरांत अश्युलियन (हातकुऱ्हाडींच्या परंपरेची) दगडी हत्यारे मिळाल्यामुळे पश्चिम भारतातील मानवी वस्तीचा काळही त्या उत्तरावर अवलंबून आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील रवी कोरिसेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरू आदींनी हा थर प्रकाशात आणला. १९८९ मध्ये पोटॅशियम–आर्गॉन पद्धतीने त्याचे वय सुमारे १४ लाख वर्षे ठरले. १९९५ मध्ये आर्गॉन–आर्गॉन पद्धतीने ६.७ लाख, तर २०११ मध्ये त्याच पद्धतीने पुन्हा काही लाख वर्षांचे वय प्रसिद्ध झाले. दुसऱ्या बाजूला राखेतील काचकणांचे रासायनिक विश्लेषण आणि काचेतील युरेनियमच्या विखंडनाचे माग मोजून वेस्टगेट व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष काढला, की भारतीय द्वीपकल्पातील टोबाची सर्व राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचीच आहे.

या तफावतीचे एक मूळ नदीत असू शकते. आर्गॉनवर आधारलेल्या पद्धती स्फटिकात पोटॅशियमपासून साठलेला वायू मोजतात. राख नदीत वाहून पुन्हा साचली, की तिच्यात काठच्या बेसाल्टचे कण मिसळतात. पोटॅशियमचे प्रमाण सारखे धरले, तर असे केवळ एक टक्का कण मिसळले तरी वयात सुमारे ६.६ लाख वर्षांची भर पडते. म्हणूनच एकेक कण वेगळा तपासणे किंवा नमुना टप्प्याटप्प्याने तापवणे आवश्यक ठरते. काचकणांना ही बाधा सहसा होत नाही. पण काचेतील विखंडनाचे माग काळाच्या ओघात पुसट होतात आणि ते लक्षात न घेतल्यास वय कमी दिसते. एक पद्धत वय फुगवू शकते, दुसरी घटवू शकते. त्यामुळे दोन्ही आकड्यांची सरासरी काढणे व्यर्थ आहे. प्रत्येक पद्धत कुठे चुकू शकते, हे पाहून त्या एकमेकींवर तपासाव्या लागतात. बारामती तालुक्यातील मोरगाव येथे सापडलेल्या राखेशी तुलनाही याच कारणासाठी मोलाची आहे.

प्रस्तुत नोंदीच्या मते हा वाद मिटलेला नाही. बोरीच्या हत्यारांचे वय उद्धृत करताना ते कोणत्या घटकावरून आणि कोणत्या पद्धतीने काढले, हे अभ्यासकांनी सोबत लिहावे.